सावनेरचा कोळसा आणि सूर्याचं वय

सावनेरच्या भूमिगत खाणींतून निघणारा दगडी कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना. ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं तेव्हाच्या दलदलीत ऊन खाऊन वाढली, गाडली गेली, त्यांचा हा कोळसा. एकोणिसाव्या शतकातल्या बड्या शास्त्रज्ञांना निरुत्तर करायला त्याचा एक तुकडा पुरे होता.

त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: सूर्य जळतो कशावर? अख्खा सूर्य कोळशाचा धरला तरी पाचेक हजार वर्षांत संपतो. मग हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी तोड काढली. सूर्य स्वतःच्याच वजनाने आक्रसतो आहे आणि दाबला गेलेला वायू तापतो आहे. हिशेब निघाला काही कोटी वर्षांचा. पण मग सावनेरच्या झाडांना ऊन दिलं कुणी?

गंमत म्हणजे केल्व्हिन अर्धे बरोबर होते. तारा जन्मतो तो आक्रसूनच. अवकाशातले हायड्रोजनचे ढग कमालीचे थंड असतात, उणे २६० अंशांच्या आसपास. थंड वायूचा दाब तोकडा पडतो, गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि ढग तुकड्यातुकड्यांनी कोसळू लागतो. सुरुवातीची उष्णता निसटून जाते. गाभा दाट झाला की ती आत कोंडते आणि तापमान चढत जातं. सुमारे एक कोटी अंशांवर हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम बनू लागतं. तिथे आक्रसणं थांबतं. सूर्याला इथवर यायला सुमारे पाच कोटी वर्षं लागली. सूर्याच्या आठ टक्क्यांहून कमी वस्तुमान असलेला गोळा मात्र कधीच पेटत नाही.

ही ऊर्जा केंद्रकांच्या मीलनातून येत असावी, असं एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सुचवलं. त्याच वर्षीच्या मेघनाद साहांच्या समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचं दाखवलं. तरी एक अडचण उरली होती. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात आणि ती भिंत ओलांडायला सूर्याच्या गाभ्यातले दीड कोटी अंशही अपुरे आहेत. पुंजभौतिकीने १९२८ नंतर उत्तर दिलं: क्वचित एखादा प्रोटॉन भिंतीतून आरपार जातो. हे 'क्वचित' फार मोलाचं. त्यामुळेच सूर्य इतका सावकाश जळतो, की गाभ्याचा एक घनमीटर एखाद्या तापलेल्या उकिरड्याइतकीच उष्णता देतो. आकार अफाट म्हणून एकूण हिशेब डोळे फिरवतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो आणि त्यातल्या ४० लाख टनांहून अधिकाची निव्वळ ऊर्जा होते. तरीही ४६० कोटी वर्षांनंतर सूर्य जेमतेम मध्यमवयीन आहे.

हिवाळ्यात खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या दिव्यांपासून लांब जाऊन मृग नक्षत्राकडे साधी दुर्बीण लावा. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला पुसट धुरकट ठिपका दिसेल. सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूरच्या त्या तेजोमेघातले सूर्याएवढे बहुतेक तारे इतके कोवळे आहेत, की त्यांच्या पोटात हायड्रोजन अजून पेटलेला नाही. ते नुसत्या आक्रसण्यावर चमकताहेत. केल्व्हिनचा हिशेब तिथे आजही लागू आहे.