करातला न्याय : साबणाच्या वडीपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत

मागच्या खेपेला आपण न्यायाची तात्त्विक चर्चा केली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, पगारातून कर कापला जातो, उरलेल्या पैशातून साबण घेतला तर त्यावरही कर. यात तुमचा न्याय कुठे बसतो?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

सुरुवात मिठापासून करू. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला. एवढ्याशा मिठावर एवढा संताप का? कारण सोपं आहे. श्रीमंत माणूस गरिबाच्या दहापट कमावतो, पण दहापट मीठ खात नाही. जी वस्तू सगळ्यांना सारखीच लागते, तिच्यावरचा कर गरिबाला जास्त बोचतो. १९४७ साली तो कर गेला. आज मिठावर जीएसटी नाही.

आता आजचा हिशोब करून बघू. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवर १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. खाद्यतेलावर आधीपासूनच ५ टक्के आहे. समजा दोन घरं आहेत. एकाची मिळकत महिना १५ हजार, दुसऱ्याची दीड लाख. दोघांनीही अशा ५ टक्केवाल्या वस्तू २ हजारांच्या घेतल्या, तर दोघांनीही १०० रुपये कर भरला. पावतीवर अगदी समानता! पण पहिल्या घराने हजारामागे साडेसहा रुपयांहून जास्त दिले आणि दुसऱ्याने सत्तर पैसेसुद्धा नाहीत. श्रीमंत घर एकूण खर्च जास्त करतं, हे खरं. पण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग शिल्लक राहतो, आणि शिलकीवर जीएसटी लागत नाही. गरिबाची मिळकत महिनाअखेर सगळी बाजारात गेलेली असते.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर घ्या. महिना दहा हजारांच्या थोडा वर पगार असलेला पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये भरतो आणि पाच लाख पगाराचा अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो. राज्यघटनेच्या कलम २७६ नेच ही कमाल मर्यादा घातलेली आहे. रक्कम सारखी, पण त्याग सारखा आहे का? जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली हाच मुद्दा मांडला. कर भरताना प्रत्येकाला होणारा त्याग सारखा असावा, रक्कम सारखी असून भागत नाही. हा झाला न्यायाचा पहिला प्रश्न : भरल्यावर माणसाकडे काय उरतं?

दुसरा प्रश्न ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला आहे. सारख्यांना सारखं वागवा. आता इथे खरी अडचण सुरू होते.

दोन शेजारी आहेत. दोघांचं खरं उत्पन्न वर्षाला २० लाख. एक नोकरदार. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत त्याला प्रमाणित वजावट धरूनही सुमारे १ लाख ९२ हजार कर लागतो, आणि तो हातात पगार पडायच्या आधीच कापला जातो. दुसऱ्याचं दुकान, उलाढाल दीड कोटी. छोट्या व्यावसायिकांना हिशोबाच्या वह्यांचा जाच नको म्हणून कायद्याने सोय केली आहे : रोखीच्या उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून कर भरा. दीड कोटीचे ८ टक्के म्हणजे १२ लाख, आणि १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. नफा प्रत्यक्षात जास्त असेल तर जास्त दाखवा, असं कायदा म्हणतो. पण शेजाऱ्याने १२ लाखच दाखवले तर? दोन सारखी माणसं, एकाचा कर पावणेदोन लाखांच्या वर, दुसऱ्याचा शून्य.

आम्ही जन्मभर नोकरी केली, त्यामुळे हा राग आमच्याही मनात होता. एकदा आमच्या किराणावाल्याला तो बोलूनही दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर पगार चालू. मी पडलो तर शटर खाली. मला ना पेन्शन, ना प्रॉव्हिडंट फंड. आणि धान्याच्या धंद्यात शंभराला आठ सुटतात कुठे?" आम्ही गप्प झालो. त्याचं म्हणणं खरं होतं. ज्याला शंभराला चारच सुटतात, त्याला हीच सोय महाग पडते. ती नको असेल तर वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या.

म्हणजे "धंदेवाले कर बुडवतात" हे सरसकट विधान चुकीचं. पण म्हणून "मला पेन्शन नाही, सबब मी उत्पन्न लपवणार" हेही समर्थन टिकत नाही. असुरक्षितता हा खरा अन्याय आहे. त्यावर उपाय आजारपणाचा विमा, म्हातारपणाची तरतूद असा उघड हवा. लपवण्यातून ज्याला सर्वांत जास्त लपवता येतं त्याचाच फायदा होतो, ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याचा नाही.

आता दोन्ही प्रश्न एकत्र आणू. सरकारला खर्चासाठी पैसा लागतोच. उत्पन्नावरचा जो कर चुकवला जातो, तो कुठून तरी भरून काढावा लागतो. कुठून? जिथून चुकवता येत नाही तिथून. पगार आणि साबणाची वडी, ही ती दोन ठिकाणं. दुकानदाराने लपवलेले आठ लाख शेजारच्या नोकरदाराला तर जड जातातच, पण शेवटी ते त्याच दुकानात साबण घ्यायला आलेल्या मोलकरणीच्या पावतीवरही उमटतात.

म्हणून कुठलाही कर न्याय्य आहे का हे तपासताना क्रम असा ठेवा. जगायला जे लागतं त्याला आधी वगळा. मग सारख्या मिळकतीच्या लोकांवर सारखा भार पडतो का ते पाहा, मिळकत पगाराची असो की गल्ल्यातली. आणि कुणाला सवलत द्यायचीच असेल तर ती सगळ्यांना दिसेल अशी द्या.

त्या श्रोत्याला आमचं उत्तर एवढंच आहे. पुढच्या वेळी शेतीच्या उत्पन्नाकडे वळू. तिथे आणखी अवघड प्रश्न वाट पाहत आहेत.