दुखणे सांध्यांत, मूळ रक्तात

रोगी आपली व्यथा सांगतो. रोगाचे नाव मात्र डॉक्टरांना शोधून काढावे लागते. या शोधालाच निदान म्हणतात. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात आढळणाऱ्या सिकलसेल या रोगावरून निदानाचे मर्म चांगले ध्यानात येते.

या रोगात प्राणवायू कमी पडताच रक्तातील तांबड्या पेशी वाटोळा आकार सोडून विळ्यासारख्या वाकतात. ताठरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती किंवा पोट यांत असह्य कळा उठतात. पेशी लवकर फुटत असल्याने डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त राहत नाही. तेव्हा सांधे पाहून संधिवात म्हणावे, डोळे पाहून कावीळ म्हणावी, अशक्तपणा पाहून टॉनिक द्यावे, असे सहज घडते. ही तिन्ही लक्षणे एका सूत्रात ओवणे, हे फिजिशियनचे खरे काम होय.

या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णनही एका फिजिशियननेच केले. १९०४ साली ग्रेनेडा बेटावरचा एक विद्यार्थी शिकागोच्या रुग्णालयात आला. त्याच्या रक्तात शिकाऊ डॉक्टर आयर्न्स यांना चमत्कारिक, लांबट पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी रोग्याची सारी हकीकत जुळवून १९१० साली ती प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

आता फिजिशियनचे काम आणखी वाढले आहे. पूर्वी असे रोगी बहुधा बालपणीच दगावत. लसी, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया यांमुळे आज ते प्रौढ होतात, संसार करतात. मग मूत्रपिंड, फुप्फुसे, डोळे, खुब्याचे हाड, बाळंतपण, या साऱ्यांवर एकत्रित नजर ठेवणारा कोणी तरी हवा. निरनिराळ्या तज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांमागे माणूस एकच असतो, हे फिजिशियनने विसरता कामा नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातीलच शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्ताची तपासणी होते. साध्या चाचणीने संशय कळतो; पण वाहक कोण आणि रोगी कोण, हे पुढच्या तपासणीनेच ठरते. हा भेद फार महत्त्वाचा आहे. वाहक सामान्यतः निरोगी असतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नापूर्वी दोन्हीकडची तपासणी व्हावी. केवळ वाहक म्हणून मुलीला नाकारणे हा मात्र अन्याय आहे. तो दोष तिच्या एकटीचा नव्हे, आणि मुलांचे रक्त तपासायचे कोणी मनातही आणीत नाही!

नागपूरला जाताना जुने कागद सोबत न्या. घरात आणखी कोणाला असे दुखते, हेही सांगा. उन्हाळ्यात अशा रोग्यास पाणी कमी पडू देऊ नका. निदानाचा अर्धा भाग डॉक्टरांच्या हाती असला, तरी उरलेला अर्धा आपल्या सांगण्यात असतो.