उद्याच्या हवेचा हिशेब (भाग ७) : बाजव्याची गोणी

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली पॅसेंजर स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात बाजव्याला पोहोचते. इथला खतांचा कारखाना, म्हणजे गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स, बडोद्याच्या मराठी घरांना 'जीएसएफसी' या नावाने चांगला परिचयाचा आहे. कंपनी १९६२ साली स्थापन झाली आणि उत्पादन १९६७ साली सुरू झाले. मधली वर्षे दुष्काळाची आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाची होती. ज्या देशाला स्वतःचे धान्य पुरत नव्हते त्याने हवेतला नत्र पकडून शेतात पोहोचवायला सुरुवात केली, ही फार मोठी गोष्ट होती. आज उत्सर्जनाचा हिशेब मांडताना ती विसरून चालणार नाही.

मागच्या भागात आपण जपानी ऊर्जा-अभ्यासक योइची काया यांचे समीकरण पाहिले : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेमागे बाहेर पडणारा कार्बन. या चौघांचा गुणाकार केला की देशाच्या उद्याच्या उत्सर्जनाचा अंदाज येतो. वीज, वाहतूक, सिमेंट यांना हे समीकरण बरेचसे लागू पडते. खताला मात्र ते अपुरे पडते, आणि ते का हे बाजव्यातून निघणाऱ्या युरियाच्या एका गोणीवरून नीट समजते.

गोणी ४५ किलोची. तिच्यासाठी साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. अमोनियात नत्र येतो हवेतून आणि हायड्रोजन येतो नैसर्गिक वायूतून. वायू आणि वाफ तापत्या उत्प्रेरकावरून नेली की हायड्रोजन सुटा होतो आणि वायूतला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड बनून वेगळा पडतो. नीट चालणाऱ्या वायू-आधारित कारखान्यात दर टन अमोनियामागे भट्टीच्या इंधनासह १.८ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आपल्या गोणीमागे सुमारे ४६ किलो.

पण हा सगळा वायू चिमणीतून जात नाही. युरिया बनतोच मुळी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातून. त्यामुळे ४६ पैकी ३३ किलो पुन्हा गोणीत बंदिस्त होतो. कारखान्याच्या खाती उरतात जेमतेम १३ किलो, शिवाय युरिया विभागाची वाफ आणि वीज. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण शेतात युरिया ओल्या मातीवर पडला की काही दिवसांत त्याचे विघटन होते आणि ते ३३ किलो हवेत जातात. म्हणून आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत ते कारखान्याच्या खात्यातून वजा करून शेतीच्या खात्यात मांडतात. बाजव्यात बनलेला कार्बन डायऑक्साइड नोंदला जातो तो पादऱ्याच्या किंवा जळगावच्या शेतावर.

त्याहून मोठा भाग नायट्रस ऑक्साइडचा. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतो. त्यातला अर्ध्याहून कमीच सहसा पिकाला लागतो. उरलेल्यापैकी काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन खाली विहिरीच्या पाण्यात उतरतो आणि थोडा भाग मातीतले जीवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र या रूपात जातो असे प्रमाण २००६ च्या मार्गदर्शिकेत दिले. तेवढे धरले तरी एका गोणीमागे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता. गोणीतला ३३ किलो मिळवला की शेतात १२२ किलो आणि कारखान्यात १३ किलो. एवढी तफावत असताना खताच्या उत्सर्जनाची सगळी चर्चा चिमणीवर होत राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता अंदाजाकडे. देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास युरिया खपतो. मागणी दरवर्षी १ टक्क्याने वाढली तर २५ वर्षांत ती १.२८ पट होईल, २ टक्क्यांनी वाढली तर १.६४ पट. भविष्याबद्दलचे वाद बहुधा अशाच दोन रेषांमधल्या अंतरावर होतात. इथे मात्र खरी अनिश्चितता दुसरीकडेच आहे. तो जो १ टक्का आपण धरला, त्याची मार्गदर्शिकेतली मर्यादा ०.३ ते ३ टक्के अशी आहे. २०१९ च्या सुधारणेत ओल्या हवामानासाठी १.६ आणि कोरड्यासाठी ०.५ टक्का असे वेगळे आकडे दिले गेले. म्हणजे त्याच गोणीतून २७ किलो किंवा २६६ किलो, काहीही येऊ शकते. आजच्याच खपावर देशाचा आकडा २ कोटी टनांपासून २१ कोटी टनांपर्यंत कुठेही बसतो.

यावर कुणी म्हणेल, मग असा अंदाज काय कामाचा? माझे उत्तर असे की तो मोजण्यासाठी कमी आणि ठरवण्यासाठी जास्त उपयोगी आहे. नत्राचा वापर २० टक्क्यांनी घटला तर त्या खताचे थेट उत्सर्जन साधारण २० टक्क्यांनी घटते. मग मूळ प्रमाण ०.३ असो की ३. गोणीत बांधलेल्या कार्बन डायऑक्साइडचे तर अचूक गणित आहे : देशभरात २० टक्के युरिया कमी लागला तर सुमारे ५१ लाख टन कमी. नेमका आकडा हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आणि जीवाणू नेमके केव्हा काम करतात हे शेतकऱ्याला माहीत असलेल्या भाषेतच सांगता येते. काळ्या जमिनीत पाणी साचले, हवा कोंडली आणि त्याच वेळी मातीत न वापरलेला नत्र भरपूर असला की नायट्रस ऑक्साइडचा लोंढा निघतो. मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकलेला युरिया सर्वांत वाईट. वाफसा आल्यावर, दोन-तीन हप्त्यांत, मुळाजवळ दिलेला युरिया पिकाला लागतो. ठिबकवरच्या केळीला तो पाण्यातून थोडा थोडा देता येतो. भाताच्या पानाचा रंग तक्त्याशी ताडून हप्ता पुढे ढकलता येतो. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. हा लेप नत्राचे रूपांतर मंदावतो. २०१८ मध्ये गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली, त्यामागेही एकरी गोण्या मोजून टाकण्याच्या सवयीला आळा बसावा हाच विचार होता.

कारखान्यातली कामे यापेक्षा सुटसुटीत आहेत. बाजव्यात नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनते. त्याच्या प्रक्रियेत मार्गदर्शिकेच्या प्रमाणानुसार दर टनामागे ९ किलो नायट्रस ऑक्साइड निघतो, म्हणजे जवळजवळ अडीच टन कार्बन डायऑक्साइडची बरोबरी. अशा प्रक्रियांच्या धुरातला हा वायू उत्प्रेरकाने नत्र आणि ऑक्सिजनमध्ये मोडता येतो, आणि तंत्र सिद्ध आहे. एक चिमणी, एक मालक, एक मोजमाप : धोरणाला यापेक्षा सोपे लक्ष्य मिळत नाही.

हिरव्या हायड्रोजनबद्दल मात्र सावध राहायला हवे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. आपल्या गोणीला साडेचार किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचे विघटन करून तो मिळवायला सुमारे २३५ युनिट वीज खर्च होते. ती आजच्या ग्रिडवरून घेतली, तर युनिटमागे ०.७ किलोच्या हिशेबाने १६५ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वायूच्या जुन्या मार्गापेक्षा साडेतीन पट! वीज खरोखर सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तरच या मार्गाला अर्थ आहे. आणि तसे झाले तरी दुसरा प्रश्न उरतो. हिरव्या अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइड येत नाही, युरियाला तर तो लागतोच. तो कोयलीच्या रिफायनरीतून आणला काय किंवा आणखी कुठून, शेतात गेल्यावर हवेतच जाणार. हिरवा युरिया म्हणून जे काही विकले जाईल, त्याच्या शेतातल्या १२२ किलोंना धक्काही लागणार नाही.

म्हणून पुढच्या दशकातला सर्वांत स्वस्त मार्ग मला शेतात दिसतो, आणि तिथली खरी अडचण भावाची आहे. गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलते. स्फुरद आणि पालाश त्या मानाने फार महाग. स्वस्त नत्र जास्त पडणार, हे गणित शेतकरी चुकत नाही. गोणी एकाएकी महाग केली तर लहान शेतकरी भरडला जाईल, ते मला मान्य नाही. त्याच अनुदानातला काही भाग माती परीक्षण, ठिबक आणि स्फुरद-पालाशाकडे वळवला, आणि तोही टप्प्याटप्प्याने, तर एकरी उत्पन्न न घटता नत्र कमी करता येईल. राज्यांच्या कृषी विद्यापीठांकडे पीकवार शिफारशी आहेतच. त्या दुकानदाराच्या तोंडी याव्यात यासाठी पैसा लागेल, आणि तो कोळशाच्या एखाद्या वीज केंद्राच्या खर्चापुढे थोडाच असेल.

पुढच्या आठवड्यात बाजव्याच्या शेजारची कोयलीची रिफायनरी : पेट्रोलची मागणी कधी माथ्यावर पोहोचेल, याचे अंदाज कसे बांधतात ते पाहू.