बंद पडलेली डिस्क आणि भाच्याचा उत्साह

गेल्या दिवाळीची साफसफाई करताना कपाटात एक जुनी हार्ड डिस्क सापडली. २०११ साली मी घरच्या घरी केलेले ध्वनिमुद्रण तिच्यात होते. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि सासूबाईंची, म्हणजे मुलांच्या अज्जींची, 'बीसुकल्लिन पदं'. जाते तेच, भाषा दोन. आई आता नाही. मोठ्या आशेने डिस्क कॉम्प्युटरला जोडली. आत तबकड्या फिरल्याचा आवाज आला, पण पडद्यावर डिस्कचे नावही उमटेना.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. बाहेरगावच्या एका डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेने पंचवीस हजारांचा आकडा सांगितला. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा पुढे सरसावला. "मामा, एवढे पैसे कशाला? कंपनीवाले ज्या सॉफ्टवेअरने डिस्क दुरुस्त करतात, त्याची कुलूप तोडलेली प्रत मित्राकडे आहे. ती आतून उलगडून बघतो. कशी चालते ते कळलं, की डिस्क आपणच उठवू."

यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. तयार वस्तू उलगडत जाऊन तिची घडण शोधून काढायची. पोराचा उत्साह मोडवेना, पण मी त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती खर्चाची. डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, बराचसा तबकड्यांवरच्या एका राखीव भागात असतो. तो बिघडला की डिस्क फिरते, पण ओळख देत नाही. वाचण्या-लिहिण्याच्या नेहमीच्या आज्ञा सर्व कंपन्यांना समान असतात. या राखीव भागात शिरण्याच्या आज्ञा मात्र ज्याच्या त्याच्या गुप्त. त्यातून प्रत्येक डिस्कची जुळणी कारखान्यातच वेगवेगळी केलेली असते. ते आकडे पुसले गेले, तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणूनही उपयोग होईलच असे नाही. म्हणजे शिकण्यासाठी आधी अनेक डिस्क बळी द्यायच्या, मोजमापाची उपकरणे घ्यायची, महिनेच्या महिने घालवायचे. आणि नवे मॉडेल आले की पुन्हा श्रीगणेशा. रशियात तयार झालेले 'पीसी-३०००' हे उपकरण जगभरच्या रिकव्हरी प्रयोगशाळा वापरतात. त्याची किंमत लाखांत का, हे तेव्हा उमजले.

भाच्याने लगेच दाखला दिला. "पण मामा, सीगेटच्या डिस्क लोकांनी घरीच उठवल्या होत्या की!" खरे आहे. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या 'बॅराकुडा ७२००.११' डिस्क फर्मवेअरमधील दोषामुळे अचानक मुक्या होऊ लागल्या. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून नवे फर्मवेअर दिले. दरम्यान काही हौशी मंडळींनी साधी सिरियल केबल जोडून, योग्य आज्ञा शोधून अनेक डिस्क जिवंत केल्या. पण त्या आज्ञांपैकी एखादी चुकीच्या वेळी दिली, तर आतल्या माहितीचा नकाशाच बिघडत असे. आमच्या डिस्कवर आईचा आवाज होता. त्याची दुसरी प्रत नव्हती.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये अभ्यासूंना सवलत आहे. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या प्रोग्रॅमशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधता येते. प्रोग्रॅम चालवताना त्याचे निरीक्षण करून त्यामागचे तत्त्व जाणून घेणेही गुन्हा नाही. पण जुळणीची ही सवलत प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला आहे. चोरीच्या प्रतीपाशी तिचे दार बंद होते. उलट कलम ६३ ब नुसार प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडले, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आणि विकत घेतलेल्या प्रोग्रॅमवरही आपण न वाचता 'मान्य' म्हणतो तो करार असतोच. अमेरिकेतले दोन निकाल पाहा. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात, जुळणारे खेळ बनवण्यासाठी प्रोग्रॅम उलगडणे न्यायालयाने योग्य ठरवले. २००५ मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या खेळांचा पर्यायी सर्व्हर लिहिणारे मात्र हरले. उलगडा न करण्याच्या करारावर त्यांनी 'मान्य' म्हटले होते. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत. पण हौशी माणसाला कोर्टाची पायरी किती महाग पडते, ते समजायला पुरेसे आहेत.

हे सारे भाच्यासमोर ठेवले. तो जरा हिरमुसला, मग म्हणाला, "म्हणजे शिकायचंच नाही?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. बंद पेट्या उघडून पाहणारे होते म्हणूनच रिकव्हरीची ही विद्या उभी राहिली. मी त्याला भंगारवाल्याकडून चार जुन्या डिस्क आणून दिल्या. 'डीडीरेस्क्यू' आणि 'स्मार्टमॉनटूल्स' हे प्रोग्रॅम फुकट तर आहेतच, शिवाय त्यांची आतली रचना वाचायला परवानगीही आहे. सध्या त्याची रात्रपाळी त्यांच्यावर चालू असते.

आमची डिस्क प्रयोगशाळेत गेली. तीन आठवड्यांनी आईच्या सगळ्या ओव्या परत आल्या. अज्जींची निम्मी पदं गेली ती गेलीच. डिसेंबरात गोकाकला जाऊन त्यांना पुन्हा गायला बसवले. दम लागत होता, मधल्या काही ओळी आठवेनात. पण त्या गायल्या. या वेळी प्रती तीन केल्या. एक आमच्याकडे, एक गोकाकला, एक भाच्याकडे. तुमच्या घरीही असा एखादा आवाज एकाच डिस्कवर असेल, तर या रविवारी त्याची दुसरी प्रत करा.