पोटातली चौदा इंजेक्शने

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांत पिसाळलेल्या कुत्र्याचा विषय निघाला, की वडीलधारी मंडळी पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे नाव अद्यापही धास्तीने घेतात; आणि ती धास्ती केवळ सुईच्या वेदनेची नव्हती, हे नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसते.

त्या इंजेक्शनांतली, कसौलीच्या मध्यवर्ती संशोधन संस्थेचे संचालक डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास सिद्ध केलेली लस, अलर्करोगाच्या (रेबीजच्या) विषाणूची लागण केलेल्या मेंढीच्या मेंदूत फिनॉल मिसळून तयार होई. आणि सुरत जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात मोडत असे, त्याच्या राजधानीत, परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनू लागली. तिने असंख्यांचे प्राण वाचवले, हे आधी नमूद केलेच पाहिजे. तथापि काही थोड्यांच्या नशिबी निराळेच आले. दोन-तीन आठवड्यांत ताप चढे, डोके ठणके, पायांतली शक्ती जाई, लघवी तुंबे. आणि विकार मेंदूपर्यंत पोचला, तर रोगी सुस्त होऊन बरळू लागे, घरच्या माणसांची ओळखही त्यास पटेनाशी होई. अशा वेळी कुत्र्याचे विषच अंगात भिनले, असे समजून घरच्यांनी आशा सोडावी, यात नवल ते काय?

वस्तुतः लशीतील मेंढीच्या मज्जेविरुद्ध चवताळलेली शरीराची संरक्षकशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडत असे. 1930 च्या दशकात विषाणुशास्त्रज्ञ थॉमस रिव्हर्स यांनी निरोगी मेंदूचा अर्क माकडांना वारंवार टोचून असाच पक्षाघात घडवून दाखवला होता. इतके कळूनही आपल्याकडे या लशीचे उत्पादन थांबले ते 2004 च्या डिसेंबरात. तोवर ज्याची ऐपत होती तो पेशीसंवर्धनाची महाग लस विकत घेई, आणि सरकारी दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या गरिबाच्या वाट्याला मेंढीचा मेंदू येई. स्वस्ताईच्या सबबीवर इतका विलंब क्षम्य ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजच्या लशीत मेंदूचा अंशही नसतो व ती दंडात टोचतात. तेव्हा कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, आणि जुन्या भीतीपायी दिवस न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.