विद्यार्थ्यांचा योगक्षेम

जून-जुलैचे दिवस आले म्हणजे आमच्या नाशिकच्या इंदिरानगरांत घरोघरीं एकच धांदल दिसूं लागते. कोणाची मुलगी पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास निघते, कोणाचा नातू बंगळुरास जातो, कोणी थेट जर्मनीची वाट धरतो. गादी, डबे, लॅपटॉप, शुल्काच्या पावत्या यांची यादी वडील माणसें पुनःपुन्हां तपासतात. मात्र मूल परगांवीं आजारी पडलें तर रुग्णालयाचें देणें कोण व कसें भागविणार, हा प्रश्न त्या यादींत क्वचितच आढळतो.

संस्कृतांत 'योगक्षेम' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. मुलांच्या शिक्षणासाठीं आपलीं कुटुंबें योगावर लाखों रुपये खर्चितात, प्रसंगीं कर्जही काढतात. क्षेम मात्र दैवावर सोडतात. आरोग्यविमा हें त्या क्षेमाचें आजचें साधन होय.

पाश्चात्त्य देशांत हा विचार कायद्यानेंच करून ठेवला आहे. कामगारांसाठीं सक्तीचा आजारविमा जर्मनींत १८८३ सालीं आला. आज तेथें विद्यापीठांत नांव नोंदवितांना विद्यार्थ्यासही आरोग्यविम्याचा पुरावा द्यावा लागतो. ब्रिटनमध्यें सहा महिन्यांहून अधिक काळ शिकावयास जाणारा परदेशी विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य-अधिभार भरतो. फेब्रुवारी २०२४ मध्यें तो दरसाल ७७६ पौंड ठरला. म्हणजे परदेशीं जाणाऱ्या मुलाची सोय परक्यांच्या नियमानें होते. पुण्यास जाणाऱ्याची मात्र घरच्यांनींच लावावयाची असते.

"कॉलेजनें विमा काढलेला आहे," असें समाधान पुष्कळ पालक करून घेतात. त्यांनीं ती पावती एकवार नीट वाचावी. शुल्काबरोबर उतरविलेला विमा पुष्कळदां केवळ अपघाताचा असतो. दुचाकीवरून पडून हाड मोडलें तर तो कामीं येईल. डेंग्यू, विषमज्वर वा कावीळ झाली तर येणार नाहीं. आणि वसतिगृहांतल्या मुलांस हेच आजार गांठतात.

दुसरा आधार शासनाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यांतील सर्व रहिवाशांस खुली झाली असून तींत प्रत्येक कुटुंबास दरसाल पांच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनीं ती आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. तथापि ती नेमलेल्या उपचारांपुरती आणि योजनेंत सामील झालेल्या रुग्णालयांपुरतीच आहे. वसतिगृहाजवळचें रुग्णालय त्यांत मोडतें कीं नाहीं, हें आधींच पाहून ठेवावें.

तिसरा आधार घरच्या सामायिक विम्याचा, ज्यास फॅमिली फ्लोटर म्हणतात. त्याची रीत एकत्र कुटुंबासारखीच आहे: रक्कम एक, वांटेकरी अनेक. वडिलांच्या शस्त्रक्रियेंत ती संपली तर त्या वर्षीं मुलाच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं. शिवाय बहुतेक विम्यांत मुलांची वयोमर्यादा पंचवीस वर्षांची असते. पदव्युत्तर शिक्षण घेणारा मुलगा ती ओलांडून बाहेर पडतो आणि घरांत कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. अशा वेळीं विमा तुटूं न देतां त्याच्या नांवें स्वतंत्र करून घ्यावा, म्हणजे प्रतीक्षेचा सरलेला काळ फुकट जात नाहीं.

हा प्रतीक्षाकाळ महत्त्वाचा आहे. नवा विमा घेतल्यावर, अपघात वगळतां, पहिले तीस दिवस सामान्यतः कोणताही आजार त्यांत येत नाहीं. आणि आधींपासून असलेल्या आजारासाठीं, २०२४ च्या नियमांप्रमाणें, तीन वर्षांपर्यंत थांबावें लागूं शकतें. म्हणून निकालाची वाट न पाहतां मे महिन्यांतच हें काम उरकावें. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, हेंही लक्षांत असूं द्यावें.

आतां एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत मुलीचा दमा किंवा फेफरें चारचौघांत बोललें जात नाहीं. पुढें लग्न जमण्यास अडचण येईल ही भीति असते. तीच संवय विम्याच्या अर्जांतही उतरते आणि 'कोणताही आजार नाहीं' असें लिहिलें जातें. मग ऐन वेळीं रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून सत्य बाहेर येतें व कंपनी पैसे नाकारते. सोयरिकीचा विचार निराळा. अर्जांत लपविलेला आजार मात्र मुलीच्याच जिवावर बेततो.

शेवटीं शिक्षकाच्या जुन्या संवयीनें एवढेंच सुचवितों. मुलास विमापत्र वाचून दाखवूं नये, त्याच्याकडून वाचून घ्यावें. रक्कम किती, कोणतें रुग्णालय, खोलीच्या भाड्याची मर्यादा काय, रात्रीं कोणत्या क्रमांकावर कळवावयाचें, हे चार प्रश्न त्यास विचारावे. रोकड न भरतां उपचाराची विनंती आल्यास कंपनीनें एका तासांत निर्णय द्यावा, असा २०२४ पासून नियम आहे. पण विनंती करणारा बहुधा खोलींतला सोबतीच असणार. तेव्हां विमापत्राची एक प्रत त्याच्याजवळही असूं द्यावी. परगांवीं पहिली धांव तोच घेणार आहे; आपण नाशिकाहून निघून पोंचेपर्यंत घर तेंच.