डायपरवरचं लोशन : शोध की साधी गोष्ट?

मैत्रिणींनो, बाळाच्या जांघा लाल झाल्या की आपण काय करतो? तेलाचं बोट फिरवतो, नाहीतर व्हॅसलिन लावतो. तेच कुणी डायपरला आधीच लावलं आणि "हा माझा शोध" म्हटलं, तर आपल्याला हसू येईल. पण अमेरिकेत अशा लोशनवाल्या डायपरना रीतसर पेटंटं मिळालेली आहेत, बरं का!

पेटंट म्हणजे साधारणपणे अर्जापासून 20 वर्षांची मक्तेदारी. एकटाच विकणारा असला की भाव कोण ठरवतो, हे गृहिणीला सांगायला नको. म्हणूनच कायद्याची अट आहे : वस्तू नवी हवी, आणि त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचणारी नसावी. सारं भांडण या 'सहज' शब्दाचं!

प्रॉक्टर अँड गॅम्बलचं 1997 सालचं पेटंट घ्या. डायपरच्या वरच्या थराला तेलकट पदार्थ लावण्याची कल्पना 1970 च्या एका पेटंटातही होती. मग नवं काय? पातळ तेल वर टिकत नाही, आत झिरपतं. म्हणून पेट्रोलेटममध्ये मेणासारखं फॅटी अल्कोहोल मिसळलं. हे लोशन एरवी घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेनं, हालचालीनं त्वचेला लागतं.

अशा वादात विरोधक म्हणतो, "दोन्ही पदार्थ जुनेच, एकत्र केले त्यात काय मोठंसं?" मालक म्हणतो, "मग आधी कुणी का नाही केलं?" 2007 साली मोटारीच्या पेडलवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ओळखीच्या वस्तू ओळखीच्या रीतीनं जोडून अपेक्षित तेच फळ मिळालं, तर तो बहुधा शोध नव्हे. पण उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं, याचंही भान ठेवायला बजावलं. रास्तच आहे. पुरणपोळी खाऊन "त्यात काय अवघड!" म्हणणारे घरोघरी असतातच की!

आपल्याकडेही पेटंट मंजूर होण्यापूर्वी कुणालाही लेखी हरकत घेता येते.

तेव्हा पाकिटावर 'पेटंट' हा शब्द दिसला म्हणून भुलू नका. ती नवेपणाची पावती आहे, बाळाच्या त्वचेला मानवेल याची हमी नव्हे. लोशन असो वा नसो, ओला डायपर वेळच्या वेळी बदला. त्या युक्तीचं पेटंट कुणाकडेच नाही!